शेवाळ आधी हाताने उपटा, गोगलगायी मागाहून

खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळाच्या (कोरलच्या) टाकीत दगडावर हिरवं केसाळ शेवाळ दिसलं की हात शिवशिवतात ते वीस-पंचवीस गोगलगायी आणून सोडायला. मीही तेच केलं होतं. बोटभर वाढलेल्या शेवाळाला एकीनेही तोंड लावलं नाही. त्या खरवडतात तो कोवळा थर. रान तोडणं हे त्यांचं काम नव्हे.

ते काम आपलं. दगड निघण्यासारखा असेल तर टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात जुन्या टूथब्रशने घासा, खळबळा आणि परत ठेवा. टाकीतच घासायचं असेल तर ब्रशशेजारी सायफनची नळी धरा, कारण सुटलेला धागा दुसऱ्या दगडावर जाऊन रुजतो. लाल, साय धरल्यासारखा थर मात्र घासू नका, नळीने ओढून घ्या. ते खरं तर शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहेत. गोगलगायी त्याला सहसा विचारत नाहीत.

मग शेवाळाला पोसणारं खत, म्हणजे फॉस्फेट आणि नायट्रेट, कुठून येतंय ते शोधा. आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचा आकडा, मीठ घालण्याआधी 0 हवा. गोठवलेलं खाणं गाळून घाला. मी फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि नायट्रेट 5 ते 10 पीपीएम ठेवते. टाकी हिरवीगार असूनही पाणी तपासायचं किट शून्य दाखवतं, तेव्हा हुरळू नका: सगळं शेवाळानेच गिळलेलं असतं. आणि मुद्दाम शून्यावर आणलंत, तर बुडबुडे धरणारे तपकिरी, चिकट डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) येतात. त्यापेक्षा केसाळ शेवाळ परवडलं.

आता प्राणी आणा, पण थोडेच. माझी पसंती ट्रोकस जातीच्या गोगलगायीला, कारण उलटी पडली तरी ती सरळ होते. अ‍ॅस्ट्रिया ही दुसरी गोगलगाय वाळूवर उताणी पडली की बहुधा तशीच मरते. नॅसारियस गोगलगाय शेवाळ खात नाही. खाणं पडलं की वाळूतून आधी तिची सोंड वर येते, मग अख्खी ती. शंखवाले खेकडे ठेवणार असाल तर मोठे रिकामे शंख टाकून ठेवा, नाहीतर शंखासाठी ते गोगलगायीचाच जीव घेतात. हिरवा एमराल्ड खेकडा गोळ्यांसारखं शेवाळ खातो, पण भुकेला असला तर कोरलही कुरतडतो.

क्षारतेतला फरक या सगळ्यांना बाधतो, म्हणून ते आलेल्या पाण्यात टाकीतलं पाणी थेंबथेंब सोडत त्यांना तासभर सवय करा. काच स्वच्छ झाली की यांची उपासमार सुरू होते. तेव्हा मी नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी दगडाला रबरबँडने बांधते आणि उरलेली सकाळी काढून टाकते.