शेवटचे वीस रुपये कुठे घालायचे?

बाजारात पाचशेची नोट घेऊन गेलात की प्रत्येक वेळी एवढंच बघा, पुढचे वीस रुपये कशावर घातले तर जास्त उपयोग होईल. म्हणजे टोमॅटो स्वस्त झालेत म्हणून दुसरा किलो उचलताय, पण पहिल्या किलोतच आठवडा निघतो, दुसऱ्यातले निम्मे फ्रीजमध्ये मऊ पडणार, त्यापेक्षा तेच पैसे कोथिंबीर-लिंबावर घातले तर रोजच्या जेवणाला चव तरी येईल. इकॉनॉमिक्सवाले याला सम-सीमांत उपयोगिता म्हणतात, गोसेन नावाच्या जर्मनाने १८५४ मध्येच हे मांडलेलं (तेव्हा कुणी विचारलं पण नाही बिचाऱ्याला). आणि हो, पाकिटावर एमआरपीजवळ प्रति ग्रॅम दर छापलेला असतो तो बघत जा, मोठा पॅक दरवेळी स्वस्त पडतोच असं नाही.