कोथरूड की वाकड: टोकन देण्याआधीची तयारी

लहान मूल घेऊन भाड्याचं घर शोधताय, तर सगळ्यात आधी रविवार रद्द करा. घर बघायला सगळे रविवारी सकाळी जातात, आणि रविवारी सकाळी अख्खं पुणेच राहण्यासारखं असतं. वाकडचा फ्लॅट आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा कोथरूडहून पंचवीस मिनिटांत पोचलो होतो. एजंट म्हणाला, "बघा मॅडम, तुम्हाला उगाच लांब वाटत होतं." पुढच्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला भूमकर चौकात मी एकाच टेम्पोच्या मागे इतका वेळ उभी होते, की त्याच्या फाळक्यावर रंगवलेली सगळ्या भाचरांची नावं मला पाठ झाली. तेव्हा कामाचा दिवस धरा, सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेसहा, दोन्हीकडे. जमलं तर जुलैत, पाऊस चालू असताना.

नुसतं जाऊन येऊ नका, दिवस पूर्ण चालवून बघा. घर, पाळणाघर, ऑफिस, परत पाळणाघर, घर. आमचं त्रांगडं असं होतं: नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीत, माझी बँक लक्ष्मी रोडजवळ, सासू-सासरे कर्वेनगरला आणि मुलगी अडीच वर्षांची. मी एका कागदावर एकच ओळ लिहिली: दुपारी चारला पाळणाघरातून "हिला ताप आहे" असा फोन आला, तर कोण किती वेळात पोचेल? वाकडला बाबा पाऊण तासात, मी सव्वा तासात, आजी रिक्षा मिळाली तर. कोथरूडला आजी दहा मिनिटांत, मी अर्ध्या तासात. भाडं, कार्पेट, गॅलरी यावर आम्ही महिनाभर वाद घातला होता. या ओळीनंतर तो वाद बराच खाली बसला. तुमच्या कागदावर उत्तर उलटंही येईल. दोघांचीही ऑफिसं हिंजवडीत असतील आणि आजी-आजोबा साताऱ्याला असतील, तर कोथरूडचा हट्ट फक्त सवयीचा आहे.

मेट्रो मोजताना आज गाडी थांबते तेच स्टेशन धरा. वनाज ते गरवारे कॉलेज गाडी मार्च २०२२ मध्ये धावली आणि मार्च २०२४ मध्ये ती रामवाडीपर्यंत गेली. मी तिच्यानं रोज जाते, म्हणून मोजते. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं. त्या महिन्यात जन्मलेली मुलं केव्हाच शाळेत जायला लागली, पण घराच्या जाहिराती तेव्हापासूनच त्या स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहेत.

आता पाणी, आणि इथे घाई करू नका. वाकड आणि कोथरूड दोन वेगळ्या महापालिकांत आहेत, हे पुण्यात जन्मलेल्यांच्याही पटकन लक्षात येत नाही. कोथरूडला खडकवासल्याचं पाणी. दुरुस्तीसाठी अधूनमधून गुरुवारी बंद, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबानं. वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये, पाणी मुख्यतः पवना धरणाचं, आणि तिथे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. दिवसाआड म्हणजे नळ कोरडा असं नाही, सोसायटीची टाकी मोठी असेल तर घरात कळतही नाही. कळतं ते एप्रिलमध्ये, टँकरच्या बिलात. म्हणून सेक्रेटरींना "पाणी कसं आहे?" विचारू नका, ते "चोवीस तास" म्हणणारच. वॉचमनला विचारा, "टँकर कुठून आत घेता?" आमच्या वॉचमनकाकांनी हातातला चहा न सांडता गेट दाखवलं, वर वेळाही सांगितल्या. मागच्या मार्च ते मे महिन्यांची मेंटेनन्सची पावती मागा. मग बाथरूममध्ये जाऊन शॉवरच्या जाळीवर नख फिरवा. पांढरा, खरखरीत थर निघाला तर बोअरचं किंवा टँकरचं जड, क्षारांचं पाणी बरंच येतं. ज्या बाळाच्या अंगाला आधीच पुरळ आहे, त्याच्या आईसाठी ही बातमी मोठी आहे. कोथरूडच्या जुन्या इमारतीत हाच थर कमी निघाला, पण तिथे गच्चीवरच्या टाकीचं झाकण अर्धं तुटलेलं होतं. तेव्हा गच्चीवरही जा.

ओढा बघा. नदी सगळे बघतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचा पूर पुण्यातल्या घरांत घुसला, त्यानंतर तरी "मागे छोटासा नाला आहे, पावसाळ्यातच वाहतो" हे वाक्य हसण्यावारी नेऊ नये. तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो हात करून दाखवतो.

बाबागाडी बरोबर न्या. रिकामी नको, मूल बसवून. सोसायटीच्या गेटपासून भाजीवाल्यापर्यंत आणि परत, एवढंच. वाकडला आतले रस्ते रुंद, नवे, गाडी सुरेख पळते. मग एका डीपी बॉक्सपाशी फुटपाथ संपतो आणि तुम्ही थेट डंपरच्या रांगेत. कोथरूडला डहाणूकर कॉलनीच्या गल्ल्यांत सावली आहे, भाजी आहे, ओळखीचं कोणीतरी भेटतंच. पण फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, त्यामुळे गाडी उचलून खाली, उचलून वर. आणि आम्हाला आवडलेलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. एका हातावर झोपलेली मुलगी, दुसऱ्या हातात दुधाच्या पिशव्या, खांद्यावर तिची आणि माझी बॅग, अशी मी मुद्दाम तीन जिने चढून बघितले. दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं. तिथल्या आजींनी दार उघडून "पाणी देऊ का गं?" विचारलं. हेही मी कागदावर लिहिलं, दोन्ही रकान्यांत: जिना वजा, आजी अधिक.

कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत भाड्यानं राहणार असाल तर रिडेव्हलपमेंटचं विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. "चर्चा चालू आहे" हे उत्तर पुरत नाही. चर्चा वीस वर्षं चालते. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या ठरलेल्या प्रक्रियेनं सभा झाली का, बिल्डर नेमला का, सभासदांना घरं रिकामी करायची तारीख दिली का, हे तीन प्रश्न मालकाला विचारा. आम्ही आधी एक घर जवळजवळ पक्कं केलं होतं. मालकांनी काही सांगितलं नाही, जिन्याखालच्या नोटीस बोर्डानं सांगितलं. आपली इमारत शाबूत असली तरी शेजारची पडत असेल तर दुपारची झोप विसरा. ब्रेकर कोणाच्या बाळाची वेळ बघत नाही. वाकडला हा त्रास वेगळ्या रूपात आहे: पुढच्या मोकळ्या प्लॉटवर टॉवर उभा राहतोय का, एवढं बघून घ्या.

शाळेचं आत्ताच कशाला, असं म्हणू नका. नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण, पहिलीसाठी सहा, हे गणित मांडा आणि प्रवेशाचं वर्ष काढा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणार असाल तर घर ते शाळा अंतर मोजलं जातं, एक किलोमीटरच्या आतल्यांचा विचार आधी होतो, आणि भाडेकरार नोंदणी केलेला लागतो. साध्या स्टॅम्पपेपरवर भागवणारा मालक तिथेच बाद. शाळा कशी आहे हे चार जण चार तऱ्हेनं सांगतील. तुम्ही बस कितीला येते आणि मूल किती वेळ बसमध्ये असतं ते विचारा. साडेतीन वर्षांच्या मुलाला पन्नास मिनिटं बसमध्ये बसवणारी शाळा कितीही नावाजलेली असो, मला ती लांबच वाटते.

बालरोगतज्ज्ञ, रात्री उघडं असणारं मेडिकल, पोळ्यांच्या मावशी: एक फेरी, तीन चौकशा. मावशी दोन्हीकडे मिळतात. सुट्टीत बदली कोण येतं, ते विचारा.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. वाकडच्या सोसायटीत संध्याकाळी खाली उतरलं की तीस-चाळीस मुलं, बरीचशी हिच्याच वयाची, आणि खेळाची भाषा हिंदी. कोथरूडच्या इमारतीत मुलं दोन, आजी-आजोबा अकरा. नवरा म्हणतो, मुलाला मुलं हवीत. मी म्हणते, घरी मराठी, खाली हिंदी, शाळेत इंग्रजी, यात "चिमणी" म्हणायला हिला कोण शिकवणार? तो म्हणतो, "आपण." खरं आहे, पण सात वाजता घरी येणाऱ्या माणसानं ते म्हणू नये. तुम्ही मात्र पाचच्या सुमाराला दोन्ही ठिकाणी मुलाला तासभर मोकळं सोडा आणि स्वतः बाकावर गप्प बसा. आमची वाकडला घसरगुंडीवर गेली ती उतरेना; कोथरूडला एका आजोबांच्या काठीशी खेळत राहिली. दोन्हीकडे निघताना रडली.

शेवटी कागद. करार अकरा महिन्यांचा असो वा जास्त, नोंदणी करून घ्या, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली का बघा, पाइप गॅस आहे की सिलेंडर ते विचारा, आणि लॉक-इनवर, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही तिच्यावर, अडून बसा. मालक सहा महिने म्हणतात. मुलाला घर मानवतं की नाही हे एका पावसाळ्यात कळतं, म्हणून तीन मागा. आम्ही लिफ्ट नसलेलं घर घेतलं, चारावर मिटवलं, आणि बाबागाडी जिन्याखाली साखळीनं बांधायची परवानगी करारात लिहून घेतली. एजंट हसला होता. ती ओळ आत्तापर्यंत दोनदा दाखवावी लागली आहे.