संशोधन-सेमिनारमधले पहिले व्याख्यान कसे तयार करावे

गणित विभागाच्या साप्ताहिक सेमिनारमध्ये पहिल्यांदा बोलायचे ठरले, की संशोधक विद्यार्थी बहुधा आपला शोधनिबंध उघडतो आणि पहिल्या पानापासून स्लाइड बनवायला बसतो. व्याख्यान बिघडायला सुरुवात होते ती इथेच. वाचकाला एखादी व्याख्या विसरली तर तो मागचे पान उलटून पाहू शकतो. श्रोत्याला ती सोय नसते, आणि एकदा हातचा सुटलेला धागा त्याला पुढच्या तासाभरात सहसा परत सापडत नाही. म्हणून तयारी प्रमेयापासून न करता एका उदाहरणापासून करावी, असे माझे अनेक वर्षे सेमिनार ऐकून आणि भरवून झालेले मत आहे.

आधी समोर कोण बसणार आहे ते संयोजकांना विचारावे. एका विभागात विश्लेषणवाले असतात, संख्याशास्त्रवाले असतात, आलेख-सिद्धांतावर काम करणारे असतात, आणि मागच्या बाकांवर एम.एस्सी.चे विद्यार्थी असतात. तुमच्या शाखेतले दोघे-तिघे निघाले तर ते नशीब समजावे. व्याख्यान त्या दोघा-तिघांसाठी नसते, कारण त्यांच्याशी तुम्ही एरवीही बोलू शकता. विषय स्वतःच्याच निकालाचा हवा असेही नाही. पॅरिसमध्ये १९४८ पासून चालत आलेल्या बुर्बाकी सेमिनारमध्ये वक्ते मुख्यतः इतरांचे नवे काम समजावून सांगतात, आणि तिथे बोलायला मिळणे हा मान समजला जातो.

उदाहरण कसे निवडावे हे एका प्रत्यक्ष प्रमेयावरून दाखवतो. श्रीराम अभ्यंकर आणि मोह या गणितज्ञांचे १९७५ चे प्रमेय असे सांगते, की कॅरॅक्टरिस्टिक शून्य असलेल्या क्षेत्रावर (म्हणजे १ मध्ये १ कितीही वेळा मिळवला तरी ० होत नाही अशा संख्याव्यवस्थेवर) ‘ट’ या चलातल्या, स्थिर नसलेल्या, दोन बहुपदी घेतल्या आणि त्यांच्या बेरजा-गुणाकारांतून खुद्द ‘ट’ परत मिळवता आला, तर त्यांपैकी एकीची कोटी (तिच्यातला ‘ट’चा सर्वांत मोठा घात) दुसरीच्या कोटीला भागते. हे वाक्य फळ्यावर लिहून लगेच सिद्धतेकडे वळलात, तर अर्धी खोली मागे राहील. त्याऐवजी आधी ‘क्ष’ म्हणजे ‘ट’चा वर्ग आणि ‘य’ म्हणजे ‘ट’चा चौथा घात अधिक ‘ट’ असे लिहावे, आणि ‘य’मधून ‘क्ष’चा वर्ग वजा करून दाखवावा: ‘ट’ हातात येतो, आणि २ ने ४ ला भाग जातो. मग ‘ट’चा वर्ग आणि ‘ट’चा घन घ्यावा. त्यांच्यापासून बनणाऱ्या कोणत्याही राशीत ‘ट’चे पहिल्या घाताचे पद येऊच शकत नाही, हे श्रोते स्वतःच ओळखतात.

आता खरा प्रश्न विचारावा: कॅरॅक्टरिस्टिक शून्यच का लागते? जिथे १ आणि १ मिळून ० होतात अशा क्षेत्रात ‘क्ष’ म्हणजे ‘ट’चा चौथा घात आणि ‘य’ म्हणजे ‘ट’ अधिक ‘ट’चा सहावा घात घ्यावा. ‘य’चा वर्ग करताना मधले पद नाहीसे होते, आणि ‘ट’चा वर्ग अधिक ‘ट’चा बारावा घात एवढेच उरते. हा बारावा घात म्हणजे ‘क्ष’चा घन, तो बेरजेत घातला की तेच पद दोनदा येऊन शून्य होते आणि ‘ट’चा वर्ग सुटा होतो. त्याचा घन केला की सहावा घात मिळतो, आणि तो ‘य’मध्ये मिळवला की ‘ट’ आला. कोट्या मात्र ४ आणि ६. कोणतीच दुसरीला भागत नाही. या हिशेबाला फळ्यावर पाच मिनिटे लागतात, पण प्रमेयातली अट कशासाठी आहे हे त्यानंतर कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. शालेय बीजगणिताच्या ताकदीचा अभ्यंकर आयुष्यभर आग्रह धरत, तो अशा वेळी पटतो.

उदाहरण पक्के झाले, की त्याला लागतील तेवढ्याच व्याख्या ठेवाव्यात. सिद्धता पूर्ण देण्याचा हट्ट धरू नये. ज्या एका पायरीत नवी कल्पना आहे ती पायरी नीट उलगडावी आणि बाकीचा सांगाडा चार ओळींत सांगावा. तासाभराचे सत्र असेल तर पंचेचाळीस मिनिटांचीच सामग्री बांधावी, कारण प्रश्न मध्येच येतात आणि ते यायलाच हवेत.

जिथे हिशेब आहे तिथे खडूफळाच बरा, कारण लिहिण्याचा वेग आणि समजण्याचा वेग बराचसा जुळतो. फळ्याचा डावा भाग प्रमेयासाठी आणि चिन्हांसाठी राखून ठेवावा आणि शेवटपर्यंत पुसू नये. स्लाइड आकृत्यांसाठी किंवा लांबलचक कोष्टकांसाठी ठेवाव्यात. गोषवारा आठवडाभर आधी द्यावा, आणि त्याची पहिली दोन वाक्ये विभागातल्या प्रत्येकाला कळतील अशी असावीत.

सराव रिकाम्या वर्गात, हातात खडू घेऊन करावा. खुर्चीत बसून मनातल्या मनात केलेला सराव वेळेचा अंदाज देत नाही. दुसऱ्या शाखेतल्या एखाद्या मित्राला शेवटच्या बाकावर बसवावे आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दावर हात वर करायला सांगावे. मॉस्को विद्यापीठात गणितज्ञ गेलफांद यांनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या सेमिनारमध्ये ते वक्त्याला मध्येच थांबवत आणि समोरच्या एखाद्या श्रोत्याला आतापर्यंतचे सांगायला लावत. तितका कडकपणा सर्वांना झेपणार नाही, पण सरावात मित्राला पंधराव्या मिनिटाला हेच करायला लावावे. त्याला सांगता आले नाही, तर दोष त्याचा नसतो. तो भाग पुन्हा बांधावा.

प्रत्यक्ष व्याख्यानात प्रश्न आला, की तो आधी सर्वांना ऐकू जाईल असा स्वतःच्या शब्दांत पुन्हा म्हणावा. त्याने विचाराला उसंत मिळते आणि गैरसमज असेल तर तिथेच कळतो. उत्तर येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. डस्टर फिरवण्यापूर्वी तो कोपरा वहीत उतरवून घ्यावा, आणि विचारणाऱ्याला आठवडाभरात, अर्धवट का होईना, लेखी उत्तर पाठवावे.