ख्रिस्तात पूर्ण आहोत, हे रोज कसं जगायचं

भायखळ्याच्या आमच्या मराठी मंडळीत उपासनेनंतर बायका विचारतात, "मावशी, मी कुठे कमी पडते गं?" मी म्हणते, बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ, 6 ते 15 वचनं मोठ्याने वाच.

हातात पेन्सिल घ्या. ख्रिस्ताबरोबर आपलं जे झालं त्याखाली रेघ मारा: त्याच्याबरोबर पुरले गेलो, उठवले गेलो, जिवंत केले गेलो, ऋणलेख, म्हणजे आपल्या अपराधांच्या कर्जाचा कागद, वधस्तंभाला खिळला गेला. सगळं होऊन गेलेलं. 10व्या वचनात पौल पूर्णता कमवायला सांगत नाही, ख्रिस्ताच्या ठायी ती मिळालीच आहे म्हणतो. कलस्सै शहरातल्या विश्वासणाऱ्यांवर खाणंपिणं, सण, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस, देवदूतांची पूजा यांचं दडपण होतं, म्हणून बेड्यांत असतानाही त्याने हे लिहिलं. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, उपास जरूर करा, पण देवाची आवडती होण्यासाठी म्हणून नको. ती तुम्ही ख्रिस्तात आहातच.

मग रोजची प्रार्थना. मी दादरला गाडी बदलते, पुलावरच्या रेटारेटीतही सुरुवात उपकारस्तुतीने करते. "प्रभू, मी तुझ्यात आहे" एवढं आधी. मागणं नंतर. हा क्रम सोडू नका, त्यानेच मनातली धास्ती उतरते.

पाप झालं तर लगेच कबूल करा. पूर्ण असणं म्हणजे निर्दोष वागणं नव्हे. राग, निंदा टाकून द्या हे तिसऱ्या अध्यायात येतं, दुसऱ्यानंतर: आधी पूर्णता, मग वागणं. घरात जिच्याशी अबोला आहे, तिला आज आधी तुम्हीच हाक मारा.