तोल जातो म्हणून व्यायाम करताना या चुका टाळा

चालताना तोल जातो म्हटले की पायांत ताकद उरली नाही असे गृहीत धरून थेट मांड्यांच्या व्यायामाला लागणे, ही माझ्या फिजिओथेरपीच्या व्यवसायात सर्वाधिक दिसणारी चूक आहे. मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो हे खरे. परंतु पाऊल कुठे टेकले, घोटा किती वळला, ही खबर तळव्यांच्या त्वचेतून आणि स्नायू-सांध्यांतून परत आली नाही, तर पुढचा हुकूम अंदाजानेच सुटतो.

ही चूक माझ्याकडूनही झाली आहे. मधुमेह असलेल्या एका आजींना मी दीड महिना पायाला वजन बांधून व्यायाम दिले. ताकद वाढली, पडणे थांबले नाही. एके दिवशी त्या सहज म्हणाल्या, “तोंडाला साबण लावला की झोक जातो बघा.” बेसिनपाशी डोळे मिटताच त्या कोलमडत होत्या, म्हणजे पायांकडून न येणारी खबर आजवर डोळे पुरवत होते. जर्मन वैद्य मोरिट्झ रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णिलेले लक्षण ते हेच. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर थरथरणारा धातूचा चिमटा, पायाच्या अंगठ्याला लावला, तर त्याची थरथर आजींना जाणवेना. तेव्हापासून मोजे उतरवून तळवे तपासल्याखेरीज मी एकही व्यायाम सांगत नाही.

बधिर तळव्यांच्या माणसाला हिरवळीवर अनवाणी चालायला लावू नका. काटा रुतलेला त्याला कळत नाही.

लकव्यानंतर नुसता चेंडू दाबत बसू नये. पेला निसटू लागताच बोटांची त्वचा ते टिपते आणि पकड क्षणार्धात घट्ट होते. ही जाणीव हरपली असेल, तर वेगवेगळ्या पोताच्या वस्तू हाताळण्याचाच सराव हवा.

व्हिडिओ पाहून पहिल्याच दिवशी डोळे मिटून एका पायावर उभे राहणाऱ्यांची घाई मला मुळीच मान्य नाही. इंग्लंडच्या इयन वॉटरमन यांची मानेखालील स्पर्शाची आणि अवयवांच्या स्थितीची जाणीव १९व्या वर्षी आजाराने गेली. स्नायू शाबूत असूनही, हातापायांकडे पाहत प्रत्येक हालचाल नव्याने शिकण्यात त्यांचा दीर्घ काळ गेला, आणि त्यानंतरही अंधार झाला की त्यांचा शरीरावरचा ताबा सुटत असे. आजींना मी खोलीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून उभे करीत असे आणि डोळे मिटण्याचा अवधी एकेका सेकंदाने वाढवीत असे. बेसिनपाशी मात्र स्टूल ठेवायला लावले, आणि न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर दिवा.