नदीतील संकटग्रस्त जीवांसाठी सरकारी निधी : सीमाभागातील गावांनी अर्ज कसा करावा

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांच्या काठावरील बेळगाव जिल्ह्यातील गावांत पाणमांजर, मगर, मऊ पाठीची कासवे आणि महाशीर मासा यांच्याविषयी आस्था असलेली तरुण मंडळे आणि मच्छीमार संस्था आहेत. परंतु निधीचा विषय निघाला की प्रयत्नांची सुरुवात बहुधा आमदारांच्या शिफारसपत्रापासून होते आणि अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. जलचरांच्या संरक्षणासाठी एकच योजना आणि एकच कचेरी नाही, हे त्याचे कारण आहे. पैसा निरनिराळ्या खात्यांकडे आहे, आणि तो मागण्यापूर्वी संबंधित प्राणी आपल्या गावच्या हद्दीत आहे हे सरकारी कागदावर यावे लागते.

म्हणून पहिले काम ग्रामपंचायतीत करावे. जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते. राष्ट्रीय हरित लवादाने या समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातील जीवांची नोंद ठेवणाऱ्या वह्या, पूर्ण करण्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घातल्यामुळे देशभर हे काम घाईने उरकले गेले. त्यामुळे समिती आहे का, असे विचारल्यास ‘आहे’ हेच उत्तर मिळेल. त्यावर समाधान न मानता पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) समिती नेमल्याचा ठराव, सदस्यांची यादी, बँक खात्याचा तपशील आणि नोंदवहीची प्रत लेखी अर्जाने मागावी व अर्जाची पोच घ्यावी. घाईत भरलेल्या नोंदवहीत आंबा, चिंच आणि म्हैस सापडतात, नदी मात्र कोरीच असते.

ती कोरी पाने भरणे हाच पुढील सर्व मागण्यांचा पाया असल्याने त्यासाठी वेळ द्यावा. ‘आमच्या नदीत पाणमांजरे आहेत’ एवढ्या वाक्याला नोंद म्हणता येत नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, डाव्या काठाच्या कातळावर, कोणत्या महिन्यात ताजी विष्ठा दिसली, तिच्यात माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे होते का, त्या डोहात उन्हाळ्यात किती पुरुष पाणी राहते आणि पाणी उपसणारे पंप किती आहेत, असे लिहिले म्हणजे पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला धरायला काही तरी मिळते. ही माहिती भोई आणि अंबिग समाजातील वयस्कर मंडळींकडे असते. त्यांना समितीत घेतल्याशिवाय नोंदवही पुरी होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मगरीची अंडी घालण्याची जागा किंवा पाणमांजराचे बीळ यांचा नेमका ठावठिकाणा मात्र नोंदवहीत उघड न लिहिता तो वन खात्यालाच कळवावा.

समिती कार्यरत असेल तर कलम 43 नुसार स्थानिक जैवविविधता निधी उभारता येतो. त्यात राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण आणि राज्य जैवविविधता मंडळ यांच्याकडून आलेले अनुदान, तसेच समितीने व्यापारी उपयोगासाठी जैविक संपत्ती गोळा करणाऱ्यांकडून घेतलेले शुल्क जमा होते. बंगळुरू येथील कर्नाटक जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव पाठवायचा तो समितीच्या ठरावासह. तरुण मंडळाच्या लेटरहेडवरील अर्जापेक्षा अशा ठरावाचे वजन अधिक असते.

यापुढील दार प्राणी पाहून निवडावे. मगर ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्याविषयी किंवा पाणमांजर आणि कासव यांच्याविषयी प्रस्ताव असल्यास तो आरएफओंमार्फत (वनक्षेत्रपालांमार्फत) बेळगाव अथवा गोकाक विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे द्यावा. केंद्राच्या ‘वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास’ या योजनेतून अभयारण्यांबरोबरच संरक्षित क्षेत्राबाहेरील वन्यजीवांसाठीही साहाय्य मिळू शकते, पण ते राज्याच्या वन खात्यामार्फतच. मासे असतील तर तालुक्याचे मत्स्य खाते गाठावे. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत स्थानिक जातींची बोटुकली (माशांची बोटभर पिल्ले) नदीत सोडण्याची तरतूद आहे, आणि चालू वर्षी त्यासाठी किती रक्कम आहे ते तेथेच विचारून घ्यावे. तलावाचा प्रश्न असल्यास तो पंचायतीचा, जिल्हा पंचायतीचा की लहान पाटबंधारे खात्याचा, याचा उतारा आधी काढावा आणि मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे तेही पाहावे, कारण ठेकेदाराची संमती नसलेला प्रस्ताव पहिल्याच बैठकीत बाजूला पडतो.

शेजारचे एक उदाहरण प्रस्तावात अवश्य द्यावे. आपल्या संकेश्वरावरून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीत जिथे उगम पावते, तेथील 2.11 हेक्टर जागा महाराष्ट्राने 2021 मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली, आणि तीही तेथे सापडलेल्या ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ या बोटभर माशासाठी. कर्नाटकातही तुंगभद्रेचा एक पट्टा 2015 मध्ये पाणमांजरांसाठी राखीव झाला. दोन्ही ठिकाणी जागा आणि जीव नेमके सांगितलेले आहेत. आपल्या प्रस्तावातही संपूर्ण नदी न घेता एखादा डोह, फार तर दोन बंधाऱ्यांमधील पात्र घ्यावे.

खर्चाच्या बाबी साध्या असाव्यात : उन्हाळ्यात डोहावर राखणदारांचे मानधन, काठावरील फलक, कासव अडकल्यास ते सोडवण्यासाठी फाडलेल्या जाळ्याची भरपाई, नोंदी ठेवण्याचे साहित्य, शाळांतील कार्यक्रम. मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काठाच्या मातीत अंडी घालते; त्या काळात वीटभट्ट्यांसाठी त्या काठाची माती उपसू नये, असा ठराव ग्रामसभेने केल्यास त्यास खर्च शून्य आणि प्रस्तावाला बळ मोठे. याउलट कासवाची अंडी घरी उबवणे किंवा मगरी पकडून दुसरीकडे सोडणे अशा गोष्टी मुळीच लिहू नयेत. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय तसे करणे हा गुन्हा ठरू शकतो. मासे सोडण्यातही उत्साहाला आवर घालावा. लोणावळ्यात वाढवलेल्या महाशीरची पिल्ले कावेरीत सोडली गेली आणि तेथील मूळच्या, पाठीवर उंचवटा असलेल्या (हम्पबॅक) महाशीरला त्यांनी मागे सारले. हा मूळचा मासा 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत गेला. तेव्हा बीज त्याच नदीचे आहे याची लेखी खात्री मागावी.

संस्थेची नोंदणी, पॅन, गेल्या काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि केंद्राचे अनुदान हवे असल्यास नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलवरील क्रमांक हे आधीच तयार ठेवावेत. मूळ अर्ज कन्नडमध्ये द्यावा आणि सोबत मराठी प्रत जोडावी. भाषेचा वाद आपल्या ठिकाणी, पण तालुक्याच्या कचेरीत मराठीत दिलेला अर्ज भाषांतराच्या निमित्ताने पडून राहिला तर उन्हाळा निघून जातो.

रक्कम बहुधा हप्त्यांनी येते, आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस आली तर खर्चाला हाताशी थोडेच दिवस उरतात. म्हणून अनुदानासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे, राखणदारांचे मानधन रोख न देता खात्यावर जमा करावे आणि प्रत्येक पावतीवर ठरावाचा क्रमांक लिहावा. केंद्रीय अनुदानावर मिळालेले व्याज हे संस्थेचे नसून सरकारजमा करावयाचे असते. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामासाठीच खर्चल्याचा दाखला, 12-अ या नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावे लागते. परंतु पुढचा हप्ता त्यावरच अवलंबून असल्याने ते एप्रिलमध्येच सनदी लेखापालांकडून तयार करून घ्यावे आणि त्याची आवक क्रमांक असलेली पोच समितीच्या दप्तरात लावावी.