परराज्यातला टोल: आधी रस्त्याचा मालक ओळखा

पुण्याहून बेंगळुरूला निघालेली गाडी खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे नाके ओलांडून कोगनोळीला कर्नाटकात शिरते. पुढे हत्तरगी, हिरेबागेवाडी. पाट्या कानडी होतात, टोलचा नियम मात्र तोच राहतो, कारण रस्ता तोच आहे: राष्ट्रीय महामार्ग ४८. उलट मुंबईहून पुण्याला येताना राज्य बदलत नाही, पण द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा (एमएसआरडीसी) असल्याने नियम बदलतो. गोंधळ होतो तो रस्त्याचा मालक बदलतो तिथे. म्हणून निघण्याआधी मार्ग नुसता किलोमीटरमध्ये न पाहता मालकांच्या तुकड्यांत पाहावा.

राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्ग केंद्राचे. अहमदाबाद–वडोदरा द्रुतगती मार्ग आणि दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्ग त्यातलेच. मुंबई–पुणे, समृद्धी, हैदराबादचा बाह्यवळण मार्ग, उत्तर प्रदेशातले यमुना आणि आग्रा–लखनौ द्रुतगती मार्ग हे केंद्राचे नाहीत, राज्यांच्या अखत्यारीतले आहेत. ‘एक्स्प्रेसवे’ हा शब्द पाहून फसू नका. त्यावरून मालक कळत नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या (एनएचएआय) राजमार्गयात्रा ॲपवर राष्ट्रीय महामार्गांवरचे टोलनाके दिसतात. नकाशावर नाका आहे आणि या ॲपमध्ये नाही, तर तो बहुधा राज्याचा समजा. गूगल मॅप्सही २०२२ पासून भारतात टोलचा अंदाज दाखवतो, पण बजेटसाठी त्यात थोडी वाढ धरा, कारण राष्ट्रीय महामार्गांचे दर साधारण दर १ एप्रिलला बदलतात. आणखी एक: मॅप्समध्ये ‘टोल टाळा’ हा पर्याय मागच्या एखाद्या प्रवासापासून चालू राहिलेला असतो. मग गाडी महामार्ग सोडून गावागावांतून फिरते आणि चालक नकाशाला शिव्या घालत बसतो. निघण्याआधी तो तपासाच.

आठवडाभर आधी फास्टॅग तपासा

नाक्यावरचा निम्मा मनस्ताप घरीच तयार झालेला असतो. फास्टॅगची देयक यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की टॅग चालू आहे की काळ्या यादीत (म्हणजे बंद केलेला), आणि तो कोणत्या बँकेचा, हे दिसते. पैसे असूनही टॅग बंद पडण्याची कारणे ठरलेली आहेत. केवायसी जुनी झालेली असते. नव्या गाडीचा टॅग अजून चेसिस नंबरवरच असतो, नोंदणी क्रमांक टाकायचा राहून गेलेला असतो. किंवा त्याच गाडीवर दुसऱ्या बँकेचा टॅग नंतर घेतलेला असतो. एका गाडीला एकच टॅग चालतो, जुना आपोआप बाद होतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर टॅग अजून जुन्या मालकाच्या नावावर नाही ना, हेही बघा. यातले काहीही दुरुस्त व्हायला बँकेला वेळ लागतो. हे काम निघायच्या आदल्या रात्री होत नाही.

टॅग काचेला आतून, आरशामागे, मधोमध चिकटलेला हवा. तो डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून नाक्यावर हातात धरून दाखवायची सवय असेल तर ती मोडा. असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकले जातात. काही गाड्यांच्या उष्णतारोधक काचेत धातूचा थर असतो आणि त्यातून टॅग वाचला जात नाही. अशा काचेत आरशाजवळ बहुधा बारीक ठिपक्यांचा, थर नसलेला भाग सोडलेला असतो, टॅग तिथेच लावायचा. काच बदलली तर जुना टॅग सोलून परत चिकटवता येत नाही. सोलताना आतला अँटेना फाटतो. नवा मागवावा लागतो.

शिल्लक किती आणि केव्हा भरायची

जाण्याच्या एकूण अंदाजाच्या दीडपट रक्कम टॅगच्या वॉलेटमध्ये असू द्या. ती तासभर आधी भरा, आणि हा तास उगाच सांगितलेला नाही. फेब्रुवारी २०२५ पासूनच्या एनपीसीआयच्या नियमानुसार, टॅग वाचला जाण्याआधी ६० मिनिटांहून जास्त काळ काळ्या यादीत असेल आणि वाचल्यानंतरच्या १० मिनिटांतही तसाच राहिला, तर व्यवहार नाकारला जातो. राष्ट्रीय महामार्गांवरचे नाके टॅगची ताजी स्थिती पाहतात, त्यामुळे तिथे ऐनवेळी केलेला रिचार्जही चालतो, असा खुलासा एनएचएआयने केला. राज्यांच्या काही नाक्यांवर मात्र यंत्रणा जुनी आहे, यादी ठरावीक वेळाने येते. तिथे रांगेत उभे राहून भरलेले पैसे खात्यात दिसतात, पण फाटक उघडत नाही.

यूपीआयवरून भरताना आधी टॅगची बँक निवडायची असते. इथे लोक आपल्या खात्याची बँक निवडतात आणि ‘गाडी सापडत नाही’ असा संदेश आला की टॅग बिघडला म्हणतात. बँकेचे नाव टॅगवरच छापलेले असते.

वार्षिक पास कुठे उपयोगी, कुठे नाही

खासगी मोटार, जीप आणि व्हॅनसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून टोलचा वार्षिक पास सुरू झाला. तेव्हाचा दर ३,००० रुपये. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. म्हणजे तेव्हा एका फेरीला १५ रुपये. साध्या महामार्गावर प्रत्येक नाका एक फेरी मोजली जाते. प्रवेश आणि बाहेर पडणे दोन्ही नोंदणाऱ्या बंद पद्धतीच्या मार्गावर आत-बाहेर मिळून एक. वर्षाला दोन लांबचे प्रवास असतील तरी हिशेब बहुतेकदा पासच्याच बाजूने जातो. पिवळ्या पाटीच्या (व्यावसायिक) गाडीला तो मिळत नाही.

चूक होते ती पुढे. पास फक्त केंद्राच्या रस्त्यांवर चालतो. सोलापूरहून हैदराबादला जाताना महामार्ग ६५ वर फेऱ्या कापल्या जातील, पण बाह्यवळण मार्गावर चढलात की पैसे वॉलेटमधूनच जातील. पास आहे म्हणून वॉलेट रिकामे ठेवणारा माणूस नेमका तिथे अडकतो. पास विकत घ्यायच्या जागा दोनच: राजमार्गयात्रा ॲप आणि एनएचएआयचे संकेतस्थळ. व्हॉट्सॲपवर सवलतीत पास देणारी लिंक आली तर ती फसवणूक आहे.

बंद पद्धतीचे मार्ग

समृद्धी, अहमदाबाद–वडोदरा, दिल्ली–मुंबई, हैदराबादचा बाह्यवळण मार्ग इथे आत शिरताना टॅगची नोंद होते आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे कापले जातात. यातला धोका एकच आणि महागडा: आत शिरताना नोंदच झाली नाही, तर बाहेरच्या नाक्याला तुम्ही कुठून आलात ते कळत नाही आणि लांबात लांबच्या अंतराचा टोल लागू शकतो. म्हणून शिरताना फाटक आधीच उघडे दिसले तरी गाडी सुसाट काढू नका. पुढच्या गाडीपासून चार-पाच मीटर अंतर ठेवा, पडद्यावर आपला नंबर दिसेपर्यंत थांबा. फार चिकटून उभे राहिले तर यंत्र पुढच्या गाडीऐवजी तुमचा टॅग वाचते, आणि तुमच्या पैशांत ती निघून जाते.

फाटक उघडले नाही तर

मागे घेऊ नका. मागे ट्रक असतो आणि त्याला तुम्ही दिसत नसता. काच खाली करा आणि टॅग का नाकारला, हे कारण विचारा. ‘कमी शिल्लक’, ‘काळी यादी’ आणि ‘वाचला गेला नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

टॅग तुमच्या बाजूने अवैध असेल तर राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नियमाने यूपीआयने सव्वापट आणि रोखीने दुप्पट ठरवले. १०० रुपयांचा टोल यूपीआयने १२५, रोखीने २००. त्यामुळे रोकड काढायची घाई करू नका. राज्याच्या रस्त्यावर मात्र ही सव्वापटीची सोय गृहीत धरू नका. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग नसेल तर थेट दुप्पट आहे.

टॅग वैध आहे, शिल्लक आहे आणि त्यांचे यंत्रच बंद आहे, तर राष्ट्रीय महामार्गावर विनामूल्य जाण्याचा हक्क २०१८ च्या दुरुस्तीने दिला आहे. शून्य रकमेची पावती मागा. वाद झाला तर फोनवर टॅगची स्थिती आणि शिल्लक दाखवा, आवाज चढवू नका. कर्मचाऱ्याला नियम ठाऊक नसेल तर व्यवस्थापकाला बोलवायला सांगा. महामार्गावरच्या कुठल्याही अडचणीसाठी क्रमांक १०३३. रुग्णवाहिका आणि क्रेनही त्यावरच मिळते.

मुक्काम न करता परतणार असाल तर २४ तासांच्या आत त्याच राष्ट्रीय नाक्यावरून येताना पूर्ण टोल पडत नाही. जाऊन-येऊन मिळून एकेरीच्या दीडपट होतो. टॅगमधून ते आपोआप कापले जाते, वेगळे सांगावे लागत नाही. पूर्ण कापले गेले तर तक्रार करा.

टोलसारखे दिसणारे, पण टोल नसलेले

हिमाचलच्या हद्दीवर बाहेरच्या गाड्यांना प्रवेशकर लागतो. उटी आणि कोडाईकनालला ७ मे २०२४ पासून ई-पास सक्तीचा आहे; तो ऑनलाइन निघतो आणि चौकीवर तपासला जातो. त्याच उटीच्या वाटेवर बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, तेव्हा म्हैसूरहून दुपारीच निघा. थंड हवेच्या ठिकाणचे नगरपालिकांचे कर फास्टॅगमधून कापले जातील अशा भरवशावर राहू नका. ५०–१०० च्या नोटा आणि सुटे पैसे गाडीत असू द्या.

घरी आल्यावर बँकेचे विवरणपत्र आणि प्रवास शेजारी ठेवून एकदा ताडून पाहा. एकाच नाक्यावर काही मिनिटांच्या अंतराने दोन कपाती, किंवा मोटारीऐवजी हलक्या मालवाहू गाडीच्या वर्गाचा दर, या नेहमीच्या चुका आहेत. तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडेच करायची, नाक्याकडे नाही. व्यवहार क्रमांक, नाक्याचे नाव, वेळ आणि आरसीचा फोटो एकाच वेळी जोडलात तर पैसे परत यायला फार पत्रव्यवहार लागत नाही.